१/७२ मेसरश्मिटच्या मॉटलिंगसाठी एअरब्रश: ०.३५ की ०.२ + ०.४?

प्रायमरग्रे:
मंडळी, १/७२ ची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) विमानांची मॉडेलं करतो. सध्या मेसरश्मिट बीएफ १०९ जी-६ हे जर्मन लढाऊ विमान चालू आहे. हाताशी तीन सुयांसकट मिळतो तो स्वस्त चिनी एअरब्रश (हवेनं रंग फवारणारा ब्रश). बेस कोट ठीक बसतो, पण बाजूंवर आरएलएम ७४ आणि ७५ (जर्मन हवाई दलाच्या करड्या छटा) चे विरळ ठिपके, म्हणजे मॉटलिंग, मारताना स्पायडरिंग होतं, रंग कोळ्याच्या पायांसारखा फाटे फुटून पसरतो. इवाता निओ सीएन (०.३५ मि.मी. नॉझल) घ्यावा की हार्डर अँड स्टीनबेकचा इव्होल्यूशन टू-इन-वन (०.२ आणि ०.४)? रंग मिस्टर कलर (लॅकर), कॉम्प्रेसर ३ लिटर टाकीचा. राहतो मुंबईत.

सुईटोक:
आधी गणित करा. खऱ्या विमानावरचा २५ सें.मी. चा ठिपका १/७२ मध्ये साडेतीन मिलिमीटर होतो. तेवढं ०.३५ आरामात काढतो. नॉझलचा आकडा म्हणजे रेषेची जाडी नव्हे.

स्पायडरिंग होतं ते रंग पातळ, दाब जास्त आणि ट्रिगर गरजेपेक्षा मागे ओढलेला, हे तिन्ही जुळून आलं की. बेस कोटला १ भाग रंग, दीड ते दोन भाग लेव्हलिंग थिनर (हळू वाळणारा पातळक), हवेचा दाब १५ पीएसआय. मॉटलिंगला १ ला ३, दाब ८ ते १०, टोक पृष्ठभागापासून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर. दाब ट्रिगर दाबून हवा चालू असतानाच वाचा. नुसता काटा पाहिलात तर फसाल. आधी हवा, मग सुई केसभर मागे. थांबताना आधी रंग बंद, मग हवा. ठिपका एका दमात गडद करू नका, तीन-चार विरळ फेऱ्यांत भरू द्या. चाचणी कागदावर नको, कागद रंग शोषतो आणि स्पायडरिंग लपवतो. रंगवलेला जुना पंख घ्या.

तेरावीफ्रेम:
गणित मान्य, तरी मी इव्होल्यूशनच घ्या म्हणेन, आणि कारण धुलाईचं आहे. त्याच्या नॉझलला आटे नाहीत, ते जागच्या जागी बसतं आणि पुढची टोपी हातानं आवळली की झालं. निओचं नॉझल चिमुकलं, आट्यांचं, पान्यानं बसवायचं. जोर जरा जास्त लागला की मान तुटते आणि आटे बॉडीत अडकतात.

०.२ मात्र प्रायमर (रंगाआधीचा अस्तर थर), मेटॅलिक किंवा व्हॅलेहो कंपनीच्या अ‍ॅक्रिलिकसाठी काढू नका, टोकावर रंग वाळून सारखी सुई पुसत बसाल. ती कामं ०.४ वर. सुई आणि नॉझल जोडीनंच बदलायचं. ०.४ ची सुई ०.२ च्या नॉझलमध्ये रेटली की तोंड फाकलंच म्हणून समजा.

ओलीहवा:
मुंबई म्हणताय म्हणून पाण्याचं सांगतो. रेग्युलेटरखालची पाणी पकडणारी वाटी एकटी पुरत नाही. कॉम्प्रेसरची हवा गरम असते, ती नळीत गार होते आणि पाणी वाटीच्या पुढे सुटतं. ब्रशच्या तोंडाशी दुसरा छोटा ट्रॅप लावा. काम संपलं की टाकीखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. शिवाय लॅकर आहे, तेव्हा कोळशाच्या काडतुसाचा मास्क हवाच, साधा कापडी नाही चालत.

प्रायमरग्रे:
दाब उतरवून पाहतो. एक उरलंच: ट्रिगर दाबला की कपात बुडबुडे येतात. हा ब्रश गेला का?

सुईटोक:
इतक्यात नाही. हवा नॉझलच्या बुडाशी गळून कपाकडे उलटी जातेय. नॉझल काढून बैठकीवरचा वाळलेला रंग थिनर लावलेल्या कापसाच्या काडीनं पुसा, परत बसवून बोटांच्या जोरावर आवळा. तरीही बुडबुडे आले तर भिंगाखाली नॉझलचं तोंड बघा. कडेला चीर असेल किंवा तोंड घंटेसारखं पसरलं असेल तर नवं नॉझलच लागेल. त्या चिनी ब्रशचं स्वस्तात मिळतं, आणि नवा आला तरी हा प्रायमरसाठी ठेवून द्या.