कॉलेज बास्केटबॉल: सार्वकालिक श्रेष्ठांत यूकॉनला बसवायचं की नाही?

हस्कीप्रेमी:
केंटकी, कॅन्सस, नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, यूसीएलए (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ), इंडियाना. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचे 'ब्लू ब्लड', म्हणजे खानदानी संघ, म्हणून बहुतेक हीच नावं घेतात आणि यूकॉनपाशी (कनेक्टिकट विद्यापीठ, म्हणजेच 'हस्कीज') आले की चाचरतात. गाण्यातलं घराणं तीन पिढ्या टिकलं की मगच त्याला घराणं म्हणतात. तोच निकष इथे लावा. १९९९, २००४, २०११ जिम कॅलहून. २०१४ केव्हिन ऑली. २०२३ आणि २०२४ डॅन हर्ली. मार्चमधल्या राष्ट्रीय (एनसीएए) स्पर्धेची सहा विजेतेपदं, तीन प्रशिक्षक. ड्यूकची पाचही विजेतेपदं एकट्या 'कोच के' (माइक शशेव्स्की) यांची आहेत. मग पंक्तीबाहेर कोण हवं?

लॉरेन्सकर:
सपशेल असहमत. मार्चमधले तीन आठवडे म्हणजे सगळं नव्हे. २०१७ ते २०१९, सलग तीन हंगाम यूकॉन जिंकलं कमी, हरलं जास्त. २०१३ मध्ये खेळाडूंच्या अभ्यासातल्या घसरणीमुळे स्पर्धेची दारंच बंद झाली होती. आमच्या कॅन्ससने २००५ ते २०१७ सलग १३ वर्षं बिग १२ या आमच्या लीगचं विजेतेपद एकट्याने किंवा विभागून मिळवलं. आणि पिढ्याच मोजायच्या तर ॲलन, ब्राउन, सेल्फ हे तिघे विजेते प्रशिक्षक आमच्याकडेही आहेत. यूकॉन पहिल्यांदा फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चार संघांत, पोचलं तेच १९९९ मध्ये!

हस्कीप्रेमी:
पडझडीवरून नाव कापायचं तर नॉर्थ कॅरोलायनाही कापा. २००१-०२ च्या हंगामात ८ विजय, २० पराभव. तीन वर्षांनी तेच विजेते झाले. पडून पुन्हा शिखरावर येणं ही माझ्या मते सर्वांत अवघड कसोटी, आणि यूकॉनने ती पार केली.

वेस्टवुड:
तुम्ही दोघं यूसीएलएला विसरलात. प्रशिक्षक जॉन वुडन, १९६४ ते १९७५, बारा वर्षांत दहा विजेतेपदं, त्यात १९६७ ते १९७३ सलग सात. याच्यापुढे काय वाद घालणार?

लॉरेन्सकर:
वुडन यांची थोरवी कोण नाकारेल? पण तेव्हाची स्पर्धा वेगळी होती. बहुतेक वर्षी चार सामने जिंकले की विजेतेपद; आज सहा लागतात. एका लीगमधून एकच संघ जायचा. १९७४ मध्ये मेरीलँड एसीसी या लीगच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत १०३-१०० असं हरलं आणि इतका तगडा संघ घरी बसला. त्यांना हरवणाऱ्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने उपांत्य फेरीत यूसीएलएची साखळी तोडली. पुढच्याच वर्षी स्पर्धा ३२ संघांची झाली. वुडन यांच्यानंतर यूसीएलएचं विजेतेपद एकच, १९९५ चं. म्हणून माझ्या यादीत केंटकी सर्वांत वर: रप, हॉल, पिटिनो, स्मिथ, कॅलिपरी, पाच वेगवेगळ्या प्रशिक्षकांनी मिळून आठ.

ब्लूमिंग्टन_७६:
इंडियानाचं शेवटचं विजेतेपद १९८७ चं, हे मान्य. पण १९७६ चा बॉब नाइट यांचा संघ अख्ख्या हंगामात एकदाही हरला नाही. त्यानंतर पुरुषांत एकाही विजेत्याला ते जमलेलं नाही. अशा संघाला यादीतून काढणं मला पटत नाही.

हस्कीप्रेमी:
काढा असं मी म्हणत नाही, आम्हाला घ्या म्हणतो. २०२३ आणि २०२४ मिळून स्पर्धेतले बाराच्या बारा सामने यूकॉनने दहापेक्षा जास्त गुणांच्या फरकाने जिंकले. चुरशीचा असा एकही नाही.

लॉरेन्सकर:
त्या दोन संघांना माझा मुजरा. तरीही १९९९ च्या आधीची रिकामी साठ वर्षं मला दिसतातच.