छातीला मुका मार, ईसीजी नॉर्मल. तरी थांबायचं का?

सांजवारा:
दुपारी शिरवळजवळ बाबांची गाडी दुभाजकावर आदळली. वय ६१. सीटबेल्ट नव्हता, छाती स्टिअरिंगवर आपटली. मधोमध पंजाएवढा काळानिळा डाग आहे, खोकलं की कळ येते. एक्स-रेत फ्रॅक्चर नाही, ईसीजी नॉर्मल. तरी डॉक्टर म्हणतात थांबा, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) दोनदा करू. काका म्हणतात, बिल वाढवायचे धंदे, घरी आणा, सॉर्बिट्रेट-डिस्प्रिन आहेच. काय करू?

रात्रपाळी:
कॅज्युअल्टीत काम करते. आधी त्या दोन्ही गोळ्या बाजूला ठेवायला सांगा. आत रक्तस्राव असेल तर डिस्प्रिनने वाढेल आणि सॉर्बिट्रेटने बीपी आणखी उतरेल. रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

छातीच्या मधल्या हाडामागे लगेच हृदयाची उजवी बाजू येते, मार बहुतेक तिलाच बसतो. हाड शाबूत राहूनही हृदय दुखावू शकतं, म्हणून एक्स-रेवर विसंबत नाहीत. ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही नॉर्मल आले तर काळजीची इजा जवळपास नाहीच. एकट्या ईसीजीवरून तसं म्हणता येत नाही. ट्रोपोनिन रक्तात चढायला वेळ लागतो, म्हणून काही तासांनी पुन्हा. तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. ईसीजी बिघडला किंवा ट्रोपोनिन वाढलं तर मॉनिटरवर ठेवतील. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मात्र सरसकट लागत नाही. बीपी पडलं किंवा ठोक्यांची लय बिघडून तशीच राहिली, तर करावाच.

मैदानकर:
ताई, लेदर बॉल छातीवर लागून मूल कोसळतं, ते हेच का?

रात्रपाळी:
नाही. त्याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हृदय धडधाकट असतं, पण ठोक्याच्या नेमक्या नाजूक क्षणी फटका बसून लय कोलमडते. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू डमार हॅम्लिन असाच मैदानात कोसळला, जागेवरच सीपीआर आणि शॉक मिळाला म्हणून वाचला. तुमच्या मैदानावर एईडी (असा शॉक देणारं यंत्र) ठेवा आणि सगळ्या कोचना सीपीआर शिकवा. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत छाती दाबणं थांबवू नका.

सांजवारा:
दोन्ही ट्रोपोनिन नॉर्मल आले ताई. सकाळी सोडताहेत. घरी काय बघू?

रात्रपाळी:
छान. दुखणं काही आठवडे राहील. वेदनाशामक डॉक्टरांनी लिहिलेलंच द्या आणि छातीशी उशी धरून खोल श्वास घ्यायला, खोकायला लावा, नाहीतर कफ साचून न्यूमोनिया होतो. चक्कर, धडधड, धाप यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता परत न्या.