प्रतिसाद: 'तत्त्वतः मान्यता' म्हणजे काम झालं का?

वर विचारलंय, मंत्री 'तत्त्वतः मान्यता दिली' म्हणाले तर काम झालं असं समजायचं का? अजिबात नाही. २०१७ची कर्जमाफी आठवा. ११ जूनला शेतकरी नेत्यांशी बैठक झाली आणि 'सरसकट कर्जमाफी तत्त्वतः मान्य, निकष ठरवू' असं जाहीर झालं. सरसकट म्हटल्यावर निकष कशाला हवेत? पण आंदोलन थांबलं ते 'सरसकट' ऐकून, आणि पुढे कारभार चालला तो 'निकषां'वर. शासन निर्णय आला तेव्हा दीड लाखाची मर्यादा होती. थकबाकी त्याहून जास्त असेल तर वरची रक्कम आधी स्वतः भरा, मग दीड लाख मिळणार. म्हणजे ज्याचं कर्ज अडीच लाख, त्याने आधी एक लाख उभा करायचा! पैसे असते तर तो थकला असता का? याचा मला अजूनही संताप येतो.

म्हणून घोषणेत मी आधी क्रियापद बघतो. 'देऊ' आणि 'देण्याबाबत सकारात्मक विचार करू' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग रक्कम, तारीख, शासन निर्णय आहे का ते.

आणखी एक, 'तपासून पाहू', 'विचाराधीन आहे' असली मोघम उत्तरंही सभागृहात दिली असतील तर सोडू नका. लोकसभेत अशी वाक्यं आश्वासन म्हणून नोंदली जातात आणि तीन महिन्यांत पूर्तता अपेक्षित असते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. आपल्या आमदाराला तिथे पाठपुरावा करायला लावा.