काथ्याकूट: स्वतःचा ड्रॉपडाउन लिहिणं बंद करा

रिकामा_रकाना (धागाकर्ता)
जवळपास प्रत्येक प्रोजेक्टात कुणीतरी एक डिव्ह (पानावरचा कोरा डबा), त्यात एक बाण आणि खाली तरंगणारी यादी असा 'आपला' ड्रॉपडाउन बनवतंच. माझं मत: यादीतून एक गोष्ट निवडायची असेल तर ब्राउझरचा साधा सिलेक्ट (एचटीएमएलमधला तयार निवड-घटक) टाका आणि पुढच्या कामाला लागा.

तो फुकटात काय देतो ते मोजा. टॅबने फोकस, बाणकळांनी वरखाली, ऑल्ट आणि खालचा बाण दाबला की यादी उघडते, एस्केपने मिटते, अक्षर दाबलं की त्या नावावर उडी. फोनवर सिस्टिमचा स्वतःचा पिकर येतो. खिडकीच्या तळाशी जागा नसेल तर यादी वर उघडते, आणि ओव्हरफ्लो हिडन (बाहेर गेलेलं लपवा) केलेल्या डब्यातही कापली जात नाही. फॉर्म रीसेट आणि ऑटोफिल वेगळे लिहावे लागत नाहीत.

हेच डिव्हवर चढवायचं तर एरिया (ARIA, घटक काय आहे ते पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या खुणा) हाताने लिहा: रोल कॉम्बोबॉक्स, एरिया-एक्सपांडेड, एरिया-कंट्रोल्स, एरिया-ॲक्टिव्हडिसेंडंट, शिवाय प्रत्येक ओळीला रोल ऑप्शन आणि एरिया-सिलेक्टेड. ॲक्टिव्हडिसेंडंट (आत्ता कुठली ओळ चालू ते सांगणारी खूण) विसरलात तर बाण दाबल्यावर पडद्यावर निळा पट्टा सरकतो, पण स्क्रीन रीडर गप्प. जुने लेख बघून लिहिणारे अजूनही कॉम्बोबॉक्सचा रोल बाहेरच्या डब्याला देतात, एरिया १.२ मध्ये तो थेट इनपुटवर आला.

'सिलेक्ट दिसायला वाईट' हे कारणही लंगडं झालंय. क्रोम १३५ पासून (२०२५) ॲपिअरन्स: बेस-सिलेक्ट लिहिलं की उघडणारी यादीसुद्धा सीएसएसने हवी तशी सजवता येते. ज्या ब्राउझरला हे कळत नाही तिथे नेहमीचा सिलेक्ट दिसतो, मोडत काही नाही.

दगडी_माउस
साफ असहमत. 'अक्षर दाबलं की उडी' हे इंग्रजी यादीपुरतं खरं आहे. मराठी यादी घ्या: महाराष्ट्रातले तालुके, साडेतीनशेच्या वर नावं. इनस्क्रिप्ट कळफलक वापरणाऱ्याला उडी मिळेल, कारण तिथे कळ दाबली की थेट देवनागरी अक्षर जातं. फोनेटिकवाल्याला नाही. फोनेटिक साधन आधी रोमन अक्षरं जमवून मग शब्द बनवतं, त्यासाठी त्याला लिहिण्याची चौकट लागते. सिलेक्ट ही लिहिण्याची चौकटच नाही, त्यामुळे ते साधन तिथे जागं होत नाही. आणि रोमन 'के' दाबून कऱ्हाड सापडत नाही. मग बसा बाणकळ दाबत. याला सुलभता म्हणायचं?

रिकामा_रकाना
साडेतीनशेची यादी एका सिलेक्टमध्ये ठेवा असं कोण म्हणतंय? आधी जिल्हा, मग तालुका. ३६ जिल्हे, नांदेड-यवतमाळसारख्या मोठ्या जिल्ह्यांतही तालुके १६च. दोन सिलेक्ट, शोधाची गरज नाही, एरियाची एकही ओळ नाही.

बाणकळ
जोडसिलेक्टमध्ये एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. विंडोजवर क्रोममध्ये सिलेक्ट मिटलेला असताना खालचा बाण दाबला की यादी न उघडता किंमत बदलते आणि दर दाबेला चेंज इव्हेंट ('किंमत बदलली' हा इशारा) उडतो. मॅकवर तोच बाण यादी उघडतो, म्हणून मॅकवर काम करणाऱ्याला हे दिसतच नाही. चेंजवर सर्व्हरकडून तालुके मागवत असाल तर अकोल्यापासून वाशिमपर्यंत जाताना तीसेक विनंत्या जातात, आणि वर्ध्याचं उत्तर वाशिमच्या मागून आलं तर वाशिमखाली वर्ध्याचे तालुके.

आधीची विनंती ॲबॉर्टकंट्रोलरने रद्द करणं हा एक उपाय. मी मागवणंच टाळेन. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरी अक्षरचिन्हाला ३ बाइट; सगळे तालुके मिळून दहा केबीच्या आसपास. पानाबरोबरच पाठवा. चेंजवर फोकस पुढच्या चौकटीत ढकलू मात्र नका, कळफलकावर चालणारा माणूस पहिल्याच जिल्ह्यावर फेकला जातो.

दगडी_माउस
ठीक, तालुका सोडला. आता गाव. राज्यात ४० हजारांवर गावं आहेत, तालुक्यात सहज शंभर-दीडशे निघतात. इथे टाइप करून गाळणारा कंट्रोलच लागतो. डेटालिस्ट (इनपुटखाली सुचवण्या दाखवणारी ब्राउझरची यादी) सुचवू नका: प्रत्येक ब्राउझर आपल्या मनाने गाळतो आणि त्या गाळण्यात आपल्याला हात घालता येत नाही. मराठीत हात घालावाच लागतो.

'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्तेवाला ऱ, हलन्त, ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह), मग ह. पडद्यावर दोन्ही 'ऱ्ह', बाइट वेगळे, आणि नुसत्या युनिकोड नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगळी लिखाणं एकरूप करण्याने) ते एक होत नाहीत. यादीत एक आणि शोधात दुसरा असला की कऱ्हाड गायब, वऱ्हाडही गायब.

म्हणून तुलनेसाठी वेगळी किल्ली बनवायची. आधी मजकूर एनएफडी (अक्षरांची सुटी चिन्हं करणारं नॉर्मलायझेशन) करा, म्हणजे ऱ फुटून र अधिक नुक्ता होतो. मग नुक्ता, झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (जोड तोडणारं न दिसणारं चिन्ह) उडवा. ऱ्हस्व-दीर्घ एक करा, नाहीतर 'चिपळुण' लिहिणाऱ्याला चिपळूण मिळत नाही. शेवटी व्यंजनाआधीचे ङ्, ञ्, ण्, न्, म् अनुस्वारात बदला. मुम्बई आणि मुंबई एकत्र येतात. 'जन्म'चं 'जंम' होईल, होऊ द्या, किल्ली कुणाला दिसत नाही. एकच फंक्शन यादीला आणि शोधाला लावायचं, दाखवायचं मूळ नाव. जोडीला प्रत्येक नावाची रोमन रूपं ठेवा: karad आणि karhad, दोन्ही ठेवा.

अवांतर: क्रम कोडपॉइंटने (अक्षराच्या युनिकोड क्रमांकाने) लावू नका. युनिकोडात ळ हा लगेच ल नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. मराठी लोकॅल (भाषा) दिलेला कोलेटर, म्हणजे क्रम लावणारं साधन, वापरा.

खिडकीवाला
हा वाद डेस्कटॉपवर जुनाच आहे. विन३२च्या (विंडोजच्या मूळ कंट्रोल संचातल्या) कॉम्बोबॉक्सला ओनर-ड्रॉ (ओळी आपणच रंगवणं) करून ओळीत चित्रं, रंग काढायचे आणि सीबीएस_हॅजस्ट्रिंग्ज (मजकूर कंट्रोलने सांभाळायचा, ही खूण) द्यायचं विसरायचं, ही ठरलेली चूक. मग कंट्रोलकडे मजकूर नसतोच, फक्त तुम्ही दिलेला ३२ किंवा ६४ बिटांचा आकडा असतो, आणि स्क्रीन रीडरने विचारलं तर वाचायला काही नाही. चित्र तुम्ही काढा, पण मजकूर कंट्रोलपाशी राहू द्या.

डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोज ॲपच्या खिडक्या बनवायच्या चौकटीत) गाव-यादीसारखी मोठी यादी टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवा: लिस्टबॉक्स व्हर्च्युअलाइज होतो (फक्त दिसणाऱ्या ओळी बनवतो), कॉम्बोबॉक्स आपणहून होत नाही. त्याचा आयटम्सपॅनेल साधा स्टॅकपॅनेल असतो, म्हणून पाच हजार ओळी असतील तर उघडताना पाच हजार घटक बनतात आणि खिडकी गोठते. आयटम्सपॅनेलमध्ये व्हर्च्युअलायझिंगस्टॅकपॅनेल घाला. वेबवर हेच केलं की डॉममध्ये (पानाच्या घटकांच्या झाडात) विसेक ओळी राहतात. तेव्हा एरिया-सेटसाइज (एकूण ओळी) आणि एरिया-पॉसइनसेट (कितवी ओळ) स्वतः भरा, नाहीतर दीडशे गावांपैकी 'वीसपैकी तिसरा' असं ऐकू येतं.

रिकामा_रकाना
गावासाठी शोध लागतो, मान्य. पण मग हे तरी सोडवून ठेवा, कारण हाताने लिहिलेल्या अशा कंट्रोलात हे हमखास मोडलेलं असतं.

माउसने ओळीवर टिचकी मारली की आधी इनपुटचा ब्लर होतो (फोकस जातो), ब्लरवर यादी मिटते, क्लिक पोचतच नाही. ओळीच्या माउसडाउनवर प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणं) लावलं की फोकस हलत नाही. सेटटाइमआउटचे १५० मिलिसेकंद हा उपाय नव्हे, संथ मशीनवर तो पुन्हा मोडतो.

दुसरं, तुमच्याच फोनेटिकवाल्याचं. तो शब्द पक्का करायला एंटर दाबतो आणि तुमचा कंट्रोल तोच एंटर निवड समजतो. इझकंपोझिंग (शब्द अजून जुळतोय, ही खूण) खरं असेल तर कळ सोडून द्या. सफारीत कंपोझिशनएंड (शब्द पक्का झाल्याचा इशारा) आधी येतो आणि एंटरची कळ नंतर, म्हणून तिथे कीकोड २२९ पण तपासावा लागतो.

वेब कंपोनंट करणार असाल तर इनपुट आणि यादी एकाच शॅडो रूटमध्ये (कंपोनंटच्या बाहेरून झाकलेल्या आतल्या भागात) ठेवा. ॲक्टिव्हडिसेंडंटला दिलेला आयडी शॅडोची भिंत ओलांडत नाही.

टॅबची_कळ
कुणीच ओळीच्या उंचीचा विषय काढला नाही. लाइन-हाइट १.२ आणि ओव्हरफ्लो हिडन ही जोडी इंग्रजीत खपते. 'कर्नाटकी'ची वेलांटी-रफार आणि 'शत्रू'चा ऊकार कापला जातो. दीड-पावणेदोन द्या. बोटासाठी डब्ल्यूसीएजी २.२ची (वेब सुलभतेच्या नियमावलीची) किमान मर्यादा २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल आहे, ती ओळ तशीही ओलांडेल. इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलच्या खाली नेला तर आयफोनची सफारी फोकस होताच पान मोठं करते.

आणि जुळलेला भाग ठळक करण्याचा हट्ट असेल तर जपून. 'क' शोधला आणि 'क्षेत्र'मधल्या क भोवती स्पॅन (मजकुराचा तुकडा वेगळा करणारा टॅग) घातला की जोडाक्षर फुटू शकतं. इंटल.सेगमेंटर (मजकूर अक्षरांत तोडणारं ब्राउझरचं साधन) वापरा म्हणाल, तर युनिकोड १५.१ च्या आधीचे नियम पाळणारी इंजिनं 'क्ष'चे दोन तुकडे करतात.

दगडी_माउस
वर दिलेल्या किल्लीत अक्षरांची संख्याच बदलते, म्हणजे ठळक करायच्या जागाही सरकतात. मी तो प्रकार काढूनच टाकेन. नाव दिसतंय, निवडता येतंय, बास.

रिकामा_रकाना
यावर तरी एकमत. तालुक्याचा सिलेक्ट मात्र सिलेक्टच राहील.