प्रकल्प दिला की संदर्भ कसे शोधायचे हे शिकवायला ग्रंथपालांना वर्गावर एक तास द्यावा का?

इतिहास विभाग, सातारा
माझं मत: द्यायलाच हवा. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आले, विषय आपण वाटतो आणि सबमिशनला निम्म्या वर्गाचा उतारा एकच, विकिपीडियाचा. यंदा ‘माझं गाव’ हा विषय देताना ग्रंथपाल मॅडमना वर्गात बोलावलं. त्यांनी १८८५ चं सातारा गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, टेबलावर ठेवलं. गावांची माहिती शेवटच्या प्रकरणात वर्णानुक्रमे आहे, स्पेलिंग आजचंच असेल असं धरू नका, दोन-तीन तऱ्हांनी शोधा, एवढं सांगून पुस्तक मुलांच्या हातात दिलं. एकाला आपल्या गावच्या आठवडी बाजाराचा उल्लेख सापडला. तो बाजार आज कसा भरतो, हाच त्याचा प्रकल्प झाला. हे मला एकट्याला जमलं नसतं.

कॉमर्सवाला
सर, पटत नाही. सेमिस्टरमध्ये तास मोजकेच, त्यात परीक्षा आणि युवा महोत्सव. कंपनीचा वार्षिक अहवाल कुठे मिळतो नि कसा वाचायचा, हे विषयशिक्षकानेच शिकवायचं. एका तासाने सवय लागत नाही.

इतिहास विभाग, सातारा
अहवाल वाचायला तुम्हीच शिकवा. पण एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांच्या सेवेचं, लॉगिन तुमच्या किती मुलांकडे आहे? ते कॉलेजच्या ग्रंथालयातूनच मिळतं आणि घरूनही चालतं. शोधगंगा या संकेतस्थळावरचे पीएच.डी.चे प्रबंध तर लॉगिनशिवाय फुकट आहेत, तेही मुलांना ठाऊक नसतं. ग्रंथपालांनाही आपल्यासारखीच नेट-सेट ही पात्रता परीक्षा लागते. त्यांना देवघेवीच्या खिडकीत बसवून ठेवणं मला मान्य नाही.

ग्रंथपाल, तालुक्याचं कॉलेज
सरांची तळमळ पोचली, तरी मी पूर्ण त्यांच्या बाजूने नाही. आमच्याकडे परिचराची जागा रिकामी आहे. मी वर्गावर गेले की देवघेव बंद. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलीही माझ्याच टेबलावर. त्यापेक्षा विषय ठरवतानाच मला यादी दाखवा. साठ मुलांना एकच संदर्भ आणि प्रती दोन, हे आधी कळलं तर मी त्या घरी न देता वाचनकक्षात राखून ठेवते. आत्ता कळतं ते पहिली दोन मुलं पुस्तक घेऊन गेल्यावर. खरेदीचंही तेच: विभागांच्या याद्या येतात मार्चअखेर, निधी संपवायला. अभ्यासक्रम बदलतो जूनमध्ये!

कॉमर्सवाला
यादी आधी द्यायला मी तयार आहे. मग तासाची गरजच काय?

इतिहास विभाग, सातारा
जो मुलगा ग्रंथालयाची पायरीच चढत नाही, त्याच्यासाठी. राखून ठेवलेली प्रत त्याच्या कामाची नाही. मॅडम, तेवढा तास ‘कमवा आणि शिका’ योजनेत कॉलेजमध्येच काम करणारी मुलं काउंटरवर बसवता येणार नाहीत?

ग्रंथपाल, तालुक्याचं कॉलेज
मुलं बसतील, चांगलं सांभाळतीलही. पण पुस्तक गहाळ झालं तर वार्षिक पडताळणीत उत्तर मी द्यायचं. त्या तासाची जबाबदारी माझ्यावर नाही, असं प्राचार्यांनी लेखी द्यावं. पुढच्या सोमवारी वर्गावर येते.