मदत हवी आहे: कचरा शेडमधला कोबा उखडतोय

खाडीकाठ: शेड ६० × ४० फूट. कोबा दोन वर्षांचा. मधे खडी उघडी पडली, तुकडे निघतायत. जूनच्या आत काम उरकायचंय. वरून सिमेंटचा थर मारला तर चालेल ना? लवकर सांगा.

चिरेबंदी: कचरा ओला की सुका? जेसीबी फिरतो का? जाडी किती, काँक्रीटची ग्रेड (ताकदीचा आकडा) कोणती? कुठून निघालात ते न सांगता गणपतीपुळ्याचा रस्ता विचारताय.

खाडीकाठ: दोन्ही येतो, ओला मधे टाकतात. बॉबकॅट, म्हणजे बकेटवाला छोटा लोडर, असतो. चार इंच, एम२०.

इपॉक्सीदादा: दोन मिमी इपॉक्सी (रेझिनचा कडक लेप) मारा, विषय संपला.

चिरेबंदी: दादा, दर धाग्यात तेच! कोब्याखाली प्लॅस्टिक नसेल तर पहिल्याच पावसात खालून ओल येणार, फोड येऊन पापुद्रे सुटणार. आणि बकेटची धार दोन मिमी कितीशी टिकू देईल?

इपॉक्सीदादा: औषध कारखान्यांत वर्षानुवर्षं टिकतं.

चिरेबंदी: तिथं जमिनीवर बकेट घासत नाहीत.

मांडवी: पेव्हर ब्लॉक घाला, खराब झाला की बदलता येतो.

काळी_खडी: आणि सांध्यांतून कचऱ्याचं पाणी मुरून शेजारच्या विहिरीत? नको.
खाडीकाठ, ओल्या कचऱ्याच्या पाण्यात लॅक्टिक, ॲसेटिक आम्ल असतं. ते सिमेंट खातं, खडी सैल होते, मग बकेट ती उपटते. पातळ थरही तसाच जाईल. हातोडीनं ठोकत जा, पोकळ वाजेल तेवढा भाग चौकोनी कापून काढा.

समजा २० × २० फूट निघाला. खणून आठ इंच जाडी मिळवा, तळ ठोकून घ्या, २५० मायक्रॉन प्लॅस्टिक अंथरा. एम४०, स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीची मळी मिसळलेलं), घनमीटरला ४०० किलो, म्हणजे साधारण ६० पोती. काळ्या दगडाची खडी, क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू). खाडीची रेती फुकट मिळाली तरी नको, तिच्यातल्या मिठानं सळी गंजते. वरून भुरभुरायची, पृष्ठभाग टणक करणारी पूड म्हणजे हार्डनर, बिगर-लोखंडी, चौरस मीटरला ५ किलो. उतार १:१००, थेट नालीकडे. पाणी साचलं की सगळं वाया. कडक होताच त्याच दिवशी दोन्ही दिशांना मधोमध कटरनं दोन इंच खोल चीर. जुन्या-नव्यामधे सांधा मोकळा, सीलंट भरून. किमान १० दिवस ओलं, २८ दिवस बॉबकॅट बंद.

पण एम४० काय, हार्डनर काय, आम्ल रोखत नाही. ओल्या कचऱ्याच्या ढिगाखाली ६ ते ९ मिमी पॉलियुरेथेन स्क्रीड (आम्ल सोसणारा रेझिनचा जाड थर) लागेलच. महाग आहे, म्हणून फक्त तिथंच. बकेटच्या ओठाला रबराची पट्टी लावा.

नारळीबाग: खाऱ्या हवेत छताला कुठला पत्रा घेऊ?

चिरेबंदी: वेगळा धागा काढा हो.

खाडीकाठ: सुक्याच्या बाजूला पोकळ वाजत नाही, नुसती धूळ आहे. आणि पाणी किती?

काळी_खडी: तिथं घासून लिथियम सिलिकेट, म्हणजे काँक्रीटमधे मुरून धूळ थांबवणारं द्रावण, मारा. पाणी पोत्याला २० लिटर, त्यात वाळूची ओल धरून.

खाडीकाठ: एवढ्याशा पाण्यात मिस्त्री ऐकणार नाही.

काळी_खडी: सुपरप्लॅस्टिसायझर आणून द्या, त्यानं कमी पाण्यातही माल सैल होतो. पाण्याचा पाइप तेवढा त्याच्या हाती देऊ नका.