सिंहासनावरचा देव बदलायला हवा का?

सांजवारा:
लहानपणापासून माझ्या डोक्यात देवाचं एकच चित्र. ढगांच्या वर सिंहासन, त्यावर पांढऱ्या दाढीचा म्हातारा आणि त्याच्याकडे सगळ्यांचा हिशोब. असं मुद्दाम कोणी शिकवलं नाही, आपोआप बसलं. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये सिस्टिन चॅपलच्या छतावर रंगवलेला देव जगभर छापला गेला, आपण त्यालाच देव समजून बसलो.

तीन वर्षांपूर्वी बहीण गेली, आजारपणात, वय पस्तीस. भेटायला येणारे सांगायचे, देवाची योजना असते. ऐकून घेतलं पण आतून काहीतरी तुटलं, कारण अशी योजना एखाद्या माणसाने केली असती तर आपण त्याला काय म्हटलं असतं? मला श्रद्धा सोडायची नाहीये, रविवारी उपासनेला अजून जाते, पण वर बसून दोऱ्या हलवणारा, एकाला बरं करणारा नि दुसऱ्याला मरू देणारा देव मला आता मानताच येत नाही.

इंग्लंडमधल्या वूलिचचे बिशप जॉन रॉबिन्सन यांनी १९६३ मध्येच लिहिलं होतं की 'वर' किंवा 'बाहेर' कुठेतरी बसलेला देव हे चित्र आता सोडायला हवं. त्यांनी आधार घेतला पॉल टिलिख या जर्मन-अमेरिकन धर्मचिंतकाचा. टिलिखच्या मते देव म्हणजे इतर गोष्टींसारखी अजून एक गोष्ट नाही, तो सगळ्या अस्तित्वाचा पाया. खुद्द बिशपने असं लिहिलं म्हणून तेव्हा गदारोळ झाला. आता साठ वर्षं उलटून गेली तरी आपण मुलांच्या हातात तेच चित्र देतोय. बदलायला नको?

जुनीवाट:
ताई, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. दुःखात असलेल्या माणसाला 'देवाची योजना' ऐकवूच नये. बायबलमधल्या दुःखी ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं आणि शेवटी देव त्यांच्यावरच कोपला.

पण अस्तित्वाचा पाया हे मला पटत नाही. पायाला हाक कशी मारणार? रात्री दोन वाजता आयसीयूच्या बाहेर बसलेला माणूस 'हे अस्तित्वाच्या पाया' म्हणेल का? येशूने 'पित्या' म्हणायला शिकवलं, त्यामागे कारण आहे, बापाशी भांडताही येतं.

आणि सिंहासनाचं म्हणाल तर आपल्याला ते जुनाट वाटतं कारण आपल्या पाठीवर कोणाचा चाबूक नाही. प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तक रोमच्या सत्तेखाली चेपलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलं गेलं, त्यांच्यासाठी सिंहासनावर देव आहे याचा अर्थ एवढाच की तिथे सीझर, म्हणजे रोमचा सम्राट, नाही. अमेरिकेतले गुलाम फारोला, म्हणजे इस्राएली लोकांना गुलाम करणाऱ्या मिसरच्या राजाला, बुडवणाऱ्या देवाची गाणी म्हणायचे कारण मालकाच्या वरही कोणीतरी आहे हा एकच आधार त्यांच्याकडे होता. तो देव काढून घेतला तर त्यांच्या हातात काय उरतं सांगा. न्याय करणारा देव आपल्याला नकोसा वाटतो, ज्याच्यावर अन्याय झालाय त्याला नाही वाटत.

उघडेडोळे:
मी नास्तिक आहे, तरी मनापासून विचारतोय. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लिस्बनमध्ये लोक चर्चमध्ये जमले होते आणि भूकंप झाला, मग समुद्राच्या लाटा, मग आग. हजारो गेले. युरोपात तेव्हापासून हाच प्रश्न आहे की चांगला आणि सर्वशक्तिमान देव हे होऊ कसं देतो, आणि प्रश्न अंगावर आला की देवाची व्याख्या थोडी मागे सरकते. आधी म्हणे तो सगळं चालवतो, मग फक्त नियम घालून दिलेत, आता तो पाया आहे. जो देव काही करतच नाही तो असला काय आणि नसला काय, फरक काय पडतो?

मौनराग:
दाढीवाला म्हातारा ही परंपरा आहे हे तुम्ही तिघांनीही गृहीत धरलंय. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, स्पष्ट म्हटलंय की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, वेगळेपण त्याहून मोठंच असतं. थॉमस अक्वायनस हा धर्मपंडित त्याच शतकातला, तो म्हणतो देव काय नाही हे आपल्याला कळू शकतं, काय आहे ते नाही. बायबलमधल्या यशया ६६:१३ मध्ये देव आईसारखं सांत्वन करतो. चौदाव्या शतकातली इंग्रज साध्वी नॉर्विचची ज्युलियन येशूला आई म्हणते. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात देव पुरुषही नाही, स्त्रीही नाही असं सरळ लिहिलंय. नवा देव शोधायची गरज नाही, जुनं नीट वाचलं तरी पुष्कळ आहे.

सांजवारा:
मौनराग, हे सगळं खरं असेल पण ते ग्रंथात राहिलं ना, आमच्यापर्यंत म्हातारा पोचला.

जुनीवाट, पायाला हाक मारता येत नाही हे तुमचं अगदी खरंय. मी सहा महिने प्रयत्न केला, जमलं नाही. मला धरून ठेवलं ते बॉनहॉफर या जर्मन पाद्रीने. जुलै १९४४ मध्ये नाझींच्या तुरुंगातून त्याने लिहिलं की दुःख सोसणारा देवच मदत करू शकतो. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिली. फाशीची टांगती तलवार असलेला माणूस हे लिहितो म्हणून मी ऐकते.

उघडेडोळे, फरक काय विचारलंत. शेवटच्या रात्री एक नर्स बहिणीचा हात धरून पहाटेपर्यंत बसली होती. ती काहीच बदलू शकत नव्हती. ती असण्यात आणि नसण्यात फरक नव्हता असं मला कोणी सांगू नये.

उघडेडोळे:
नर्सबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण ती दिसत होती.

जुनीवाट:
आणि माझा प्रश्न उलटा. हात धरणारा देव हवाच, पण फक्त हात धरणाराच असेल तर पुनरुत्थानाचं काय? नर्स मेलेल्याला उठवत नाही. बहीण परत भेटेल ही आशा सोडून द्यायची का?

सांजवारा:
ते मला आत्ता म्हणता येत नाहीये, खोटं कशाला बोलू. क्रूसावर येशू स्वतः 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' असं ओरडला, तिथपर्यंत मी त्याच्यासोबत आहे. पुढचं तुम्ही म्हणा, मी ऐकेन. सध्या प्रार्थनेत 'हे आमच्या पित्या' एवढंच म्हणते, मधला 'स्वर्गातील' गाळते.